खोट्या ख्रिस्ताची बातमी आणि खऱ्या ख्रिस्ताची मंडळी

आधारवचन: योहानाचें पहिलें पत्र ४:१-३, प्रेषितांचीं कृत्यें १७:१०-१२



पन्हाळ्याच्या आसपासच्या खेड्यांतून व वाड्यांतून आतां एक प्रसंग वारंवार घडतो. दिवसभर ऊस तोडून किंवा कोल्हापुरास नोकरी करून परत आलेला मंडळींतला एखादा तरुण संध्याकाळीं उपदेशकाच्या दाराशीं येतो. घुटमळतो. मग खिशांतून मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवितो. त्यांत एक मनुष्य मोठ्या ठसक्यानें सांगत असतो कीं, येशू वधस्तंभावर मेलाच नाहीं. तो वांचला, काश्मीरास आला, तेथेंच म्हातारा होऊन मेला, आणि त्याची कबर आजही श्रीनगरांत दाखवितात. तरुण विचारतो, "मास्तर, हें खरें काय?"

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतों, यावर त्या मुलाचा विश्वास कित्येक वेळां टांगलेला असतो. म्हणून आज या विषयाचा शांतपणें विचार करूं.

पुष्कळदां आपल्या तोंडून दोन उत्तरें निघतात. एक रागाचें: "असलें पाहूं नकोस, तें सैतानाचें आहे." दुसरें भीतीचें: "जाऊं दे, त्यांत पडूं नकोस." दोन्हींचा परिणाम एकच. मुलगा घरीं जातो व तोच व्हिडिओ रात्रीं गोधडींत एकटा पाहतो. आणि आतां त्याच्या मनांत एक नवी शंका शिरलेली असते: आमच्या मास्तरांपाशीं याला उत्तर नसावें.

पवित्र शास्त्र आपणांस यांपैकीं एकही रीत शिकवीत नाहीं. योहान आपल्या लेकरांना सांगतो कीं, जो जो आत्मा येऊन बोलेल त्याच्यावर लागलीच भरंवसा ठेवूं नका, तर तो देवापासून आहे किंवा नाहीं याची पारख करा. डोळे झांका असें तो म्हणत नाहीं, दगड उचला असेंही म्हणत नाहीं. सोनार जसें सोनें कसाला लावतो तसें लावा, एवढेंच म्हणतो. आणि बिरुयाच्या लोकांची गोष्ट पहा. खुद्द पौलाचा उपदेश त्यांनीं ऐकला. मोठ्या उत्सुकतेनें ऐकला. पण ऐकून झाल्यावर रोज शास्त्र उघडून, हा सांगतो तें तसेंच आहे काय, हें ते तपासूं लागले. त्यांना कोणी अविश्वासी म्हटलें नाहीं; उलट त्यांच्या मनाच्या थोरपणाची साक्ष लिहून ठेवली आहे. प्रेषिताच्या उपदेशाची जर पारख होते, तर मोबाइलमधल्या मनुष्याची कां होऊं नये?

चला तर, काश्मीरच्या गोष्टीची पारख करूं.

ही गोष्ट जुनी वाटते, पण ती फार जुनी नाहीं. सन १८९४ सालीं निकोलस नोटोविच नांवाच्या एका रशियन प्रवाशानें पॅरिसांत एक पुस्तक छापलें. लडाखांतील हेमिस येथील बौद्ध मठांत आपणांस एक हस्तलिखित मिळालें, व तरुणपणीं येशू हिंदुस्थानांत राहून शिकला असें त्यांत आहे, हें त्याचें म्हणणें. त्याच सालीं मॅक्समुल्लर या संस्कृत पंडितानें त्या कथेंतील विसंगति दाखवून दिली. पुढें १८९५ सालीं आग्र्याच्या कॉलेजांतील प्रोफेसर डग्लस हे स्वतः हेमिसला गेले. गोष्ट खरी निघावी अशीच त्यांची आधीं इच्छा होती, हें लक्षांत ठेवा. त्यांनीं मठाच्या मुख्य लामांस नोटोविचाचें पुस्तक वाचून दाखविलें. लामांनीं साफ सांगितलें कीं, असें कोणतेंही हस्तलिखित आमच्या मठांत नाहीं, आणि असा कोणी मनुष्य आमच्याकडे आला नाहीं. डग्लस यांनीं ही हकीकत १८९६ सालीं प्रसिद्ध केली. एका मनुष्यानें पायीं जाऊन विचारलें, आणि गोष्ट कोसळली. तरीही आज शंभराहून अधिक वर्षांनंतर तीच गोष्ट नवा पोशाख घालून आपल्या खिशांत शिरते.

श्रीनगरच्या कबरीचें काय? खानयार मोहल्ल्यांत रोझाबल नांवाची एक दरगाह आहे. तेथें यूझ आसफ नांवाच्या एका पुरुषाची कबर आहे असें लोक मानतात. ती येशूचीच, असा दावा कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनीं १८९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत केला. आतां हें यूझ आसफ नांव कोठून आलें, तें पहा. विद्वानांनीं त्याचा माग काढला आहे. 'बोधिसत्त्व' हा शब्द बुद्धकथेबरोबर पश्चिमेकडे गेला. एका भाषेंतून दुसरींत जातां जातां त्याचें बुदासफ, मग युदासफ, मग यूझासफ असें रूप झालें. म्हणजे हें नांव मुळांत बुद्धाच्या गोष्टींतलें आहे. नासरेथकर येशूशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

आपल्या मराठींतही या मताचें एक पुस्तक आहे. 'ख्रिस्तपरिचय' हा ग्रंथ बाबाराव उर्फ गणेश दामोदर सावरकर यांनीं लिहिला. बाबारावांनीं अंदमानांत काळें पाणी भोगलें. त्या हालअपेष्टांविषयीं आदरानेंच बोललें पाहिजे. ते १९४५ सालीं मरण पावले. पुढें सन २०१६ सालीं मुंबईंत त्यांचें हें पुस्तक पुन्हा छापण्यांत आलें, तेव्हां वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. येशू हा जन्मानें तमिळ हिंदु ब्राह्मण होता, तो वधस्तंभावर मेला नाहीं, वनस्पतींच्या औषधानें बरा झाला व अखेर काश्मीरांत वारला, असें त्यांत प्रतिपादन केलें आहे.

लेखक देशासाठीं झिजला, म्हणून त्याचें प्रत्येक विधान खरें ठरत नाहीं. आणि विधान खोटें, म्हणून लेखकाला शिवी देण्याचा आपणांस अधिकार मिळत नाहीं. आपण फक्त साक्ष तपासूं. पौलानें करिंथच्या मंडळीला सुमारें इ. स. ५५ मध्यें पत्र लिहिलें. प्रभूच्या मरणाला तेव्हां पंचवीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांत तो मरण, पुरणें व पुनरुत्थान यांचे साक्षी नांवनिशीवार सांगतो, आणि त्यांतले पुष्कळसे अजून हयात आहेत, असेंही कळवितो. म्हणजे ज्याला वाटेल त्यानें जाऊन विचारावें. जो रोमी इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता, तोही दुसऱ्या शतकाच्या आरंभीं लिहितो कीं, पंतय पिलाताच्या हातून ख्रिस्ताला देहान्त शिक्षा झाली. आणि औषधी वनस्पति? योहानाच्या १९ व्या अध्यायांत नीकदेम गंधरस व अगरू घेऊन आला आहे खरा. पण तें जखमा बऱ्या करण्यासाठीं नव्हे, तर यहूदी रीतीप्रमाणें प्रेत पुरण्यासाठीं. त्यापूर्वींच शिपायानें कुशींत भाला खुपसून मरणाची खात्री करून घेतली होती.

पण, बंधूंनो, येथें कोणी म्हणेल: "तो मेला काय अन् वांचला काय, त्याची शिकवण तर चांगलीच ना? मग एवढा आग्रह कशाला?" याचें उत्तर पन्हाळ्याच्या मनुष्याला पुस्तकांतून शोधावें लागत नाहीं. तें गडाच्या पायथ्याशींच आहे.

सन १६६० सालीं सिद्दी जौहराचा वेढा महिनोन्‌महिने पडला होता. जुलैच्या त्या पावसाळी रात्रीं शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखींत बसला. तो पकडला जाणार, आणि ओळख पटतांच मारला जाणार, हें त्याला ठाऊक होतें. तो मेला, राजा वांचला. आतां समजा, कोणी नेबापुरांत येऊन म्हणूं लागला: "शिवा काशीद त्या रात्रीं मेलाच नाहीं. तो निसटला, परमुलखांत गेला, आणि म्हातारा होऊन सुखानें वारला. पण मनुष्य फार चांगला होता हो!" गांवकरी काय म्हणतील? त्याची स्तुति केली म्हणून आभार मानतील काय? नाहीं. ते म्हणतील, "बाबा, तूं त्याचा सगळा मान काढून घेतलास. तो आमच्यासाठीं मेला, हीच तर त्याची गोष्ट."

बंधूंनो, दृष्टान्त दृष्टान्तच असतो. शिवा काशीद आपल्या राजासाठीं मेला. येथें तर राजाच आपल्या प्रजेसाठीं मेला, तेंही प्रजा अजून वैरी असतांना. शिवा काशीदाची समाधि आहे. आमच्या राजाची कबर रिकामी आहे. म्हणून वधस्तंभावरील मरण काढून घेणारा मनुष्य कितीही गोड शब्दांनीं येशूची वाखाणणी करो, तो आपणांपाशीं एक शिक्षक ठेवतो व आपला तारणारा घेऊन जातो. योहानानें दिलेली कसोटी हीच आहे: येशू ख्रिस्त देहधारी होऊन आला, हें जो कबूल करतो तो देवाचा. देह खरा, रक्त खरें, मरण खरें.

आणखी एक गोष्ट मनांत आणा. येशूला उच्च कुळांतला ठरविल्यानें कित्येकांना वाटतें कीं आतां तो 'आपला' झाला, परका राहिला नाहीं. परकेपणाची ती टोंचणी आपल्या तरुणांना रोज लागते, हें खरें. "तुमचा देव साहेबाचा" असें त्यांना हिणविलें जातें. यावर त्यांनीं सांगावें: तो साहेबाचा नव्हता, तो आशिया खंडांत, यहूदाच्या बेथलेहेमांत जन्मला, आणि यहूदी होता. पण आपला तो जन्मामुळें झाला नाहीं. आपल्या आजे-पणजांपैकीं पुष्कळांना गांवच्या पाणवठ्याला हात लावूं देत नसत. त्यांच्यापाशीं जो आला, तो कुळाचा अभिमान घेऊन आला नाहीं. तो सुताराच्या घरीं वाढला, जकातदारांच्या पंक्तीला बसला, शोमरोनी बाईपाशीं पाणी मागून प्याला. तो आपला झाला तो वधस्तंभानें. कुळाचा दाखला त्याला चिकटविणारे त्याला आपल्या जवळ आणीत नाहींत, उलट दूर नेतात.

आतां दुसरें एक उदाहरण घेऊं. 'द दा विंची कोड' नांवाची इंग्रजी कादंबरी २००३ सालीं निघाली, आणि तिच्यावरचा चित्रपट २००६ च्या मे महिन्यांत हिंदुस्थानांत आला. येशूचें मग्दालीया मरीयेशीं लग्न झालें होतें, आणि त्याचें देवपण इ. स. ३२५ मध्यें निकैया येथील सभेंत थोड्याशा मताधिक्यानें ठरविण्यांत आलें, असें त्यांतील एक पात्र सांगतें.

हेंही कसाला लावूं. निकैयाच्या सभेपूर्वीं सुमारें दोनशें वर्षें, इ. स. ११२ च्या सुमारास, प्लिनी नांवाच्या रोमी सुभेदारानें बादशहाला कळविलें होतें कीं, हे ख्रिस्ती लोक पहांटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. चार शुभवर्तमानें मंडळीनें मान्य केलेलीं आहेत, हें इरेनियस इ. स. १८० च्या सुमारास लिहितो. निकैयाला वाद होता तो एरियसच्या मताविषयीं. शुभवर्तमानें निवडण्याविषयीं नव्हे. आणि अखेरच्या निर्णयाला एरियसच्या बाजूचे अवघे दोन बिशप विरुद्ध राहिले. याला काठावरचें मताधिक्य कोण म्हणेल? राहिली मग्दालीयेची गोष्ट. इजिप्तांत नाग हम्मादी येथें १९४५ सालीं जीं लिखाणें सांपडलीं, त्यांतील फिलिप्पाच्या नांवावरच्या लिखाणाचा आधार देतात. तें प्रभूनंतर सुमारें दोनशें वर्षांनीं झालेलें. त्यांत ती प्रभूची सोबतीण होती एवढाच अर्थ निघतो, आणि ज्या ओळीवर सर्व भिस्त ती तर जागोजाग फाटलेली. लग्नाचा शब्द त्यांत नाहीं.

एवढें उत्तर सांगावयास पाव तास लागतो. पण २००६ सालीं आपल्यांतल्या कित्येकांनीं काय केलें? मुंबईंत उपोषणें झालीं, पुतळे जाळण्यांत आले. कादंबरीकाराला पकडून आणणाऱ्यास एका पुढाऱ्यानें इनाम लावल्याच्या बातम्याही छापून आल्या. चित्रपटाला प्रौढांपुरता दाखला मिळाला आणि ही कल्पित कथा आहे अशी सूचना त्यांत घातली गेली; तरी गोवा, तमिळनाडु, आंध्र प्रदेश वगैरे राज्यांनीं बंदी घातली, आणि आंध्रची बंदी तर जूनमध्यें उच्च न्यायालयानें रद्द केली. सनदशीर मार्गानें अर्ज करणें हा नागरिकाचा हक्क आहे. तो मीं नाकारीत नाहीं. परंतु डोक्याला इनाम लावणें हें ख्रिस्ताच्या शिष्याचें काम नव्हे. पेत्रानें तरवार उपसली तेव्हां प्रभूनें त्याला ती म्यानांत घालावयास लावली, आणि तुटलेला कान स्वतःच्या हातानें बरा केला. ज्यांचे कान आपण कापतों, ते आपलें शुभवर्तमान कशानें ऐकणार?

याच गडाच्या इतिहासांतली आणखी एक हकीकत आठवा. सन १६७३ च्या मार्च महिन्यांत कोंडाजी फर्जंद अवघे साठ गडी घेऊन रात्रीं कडा चढून पन्हाळ्यावर आला. वर येतांच त्यांनीं कर्णे फुंकले. गडावरची शिबंदी त्यांहून कितीतरी मोठी होती. पण अंधारांत तो आवाज ऐकून तिला वाटलें कीं, मोठें सैन्यच घुसलें. एकच धांदल उडाली व गड पडला. मराठ्यांच्या दृष्टीनें तो पराक्रम होय. पण शिबंदीच्या दृष्टीनें पाहिलें तर धडा हा कीं, शत्रु मोजल्यावांचून आवाजाला भिणारी फौज मोठा किल्लाही गमावते. आज सिनेमा, मालिका, मोबाइल यांतून जे कर्णे वाजतात, त्यांचा आवाज मोठा आहे. आपण दिवा लावून मोजूं लागलों, कीं गडी साठच भरतात. आणि त्यांतलेही बरेचसे १८९४ सालचेच असतात.

मग किल्ला राखावयाचा कसा? वेढा सोसण्याची तयारी पन्हाळ्यावर कशी करून ठेवली होती, तें पहा. अंबरखान्यांत गंगा, यमुना, सरस्वती या नांवांचीं भक्कम कोठारें आहेत. तेथें धान्य सांठविलेलें असे. आणि तीन दरवाज्याजवळची अंधारबाव पहा. तीन मजली दगडी इमारत, आणि तिच्या पोटांत विहीर. बाहेरच्या पाण्यांत शत्रूनें विष घातलें तरी आंतलें पाणी निर्मळ राहावें, अशी ती योजना. सन २०२५ च्या जुलैंत हा गड इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादींत गेला, तेव्हां आपणां सर्वांस आनंद झाला. परंतु वारसा कोठीच्या भिंतींचा मिळून काय उपयोग, कोठींत दाणा नसेल तर? आपल्या घरांत पवित्र शास्त्र आहे. फडताळांत, रुमालांत बांधलेलें. तें धान्य आहे, पण खाल्लें जात नाहीं. पुष्कळ घरांत मुलगा रोज तीन तास मोबाइल पाहतो आणि आठवड्यांतून एक तास उपासनेस येतो. मग त्याला खोटें नाणें ओळखूं येत नाहीं, यांत नवल काय? खरें नाणें त्यानें नीट हातांत धरलेलेंच नाहीं.

पंडिता रमाबाईंनीं हें ओळखलें होतें. साध्या बायकांना समजेल अशा मराठींत शास्त्र असावें, म्हणून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या. केडगांवच्या छापखान्यांत मुक्तिसदनांतल्या स्त्रियांनींच खिळे जुळविले. बाई १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या, आणि तें भाषांतर १९२४ सालीं पुरें छापून निघालें. अनाथ म्हणून आलेल्या मुलींच्या हातांनीं जें आपणांसाठीं जुळविलें, तें आपण न वाचावें काय?

येथवर बाहेरच्या खोट्या शिक्षणाविषयीं बोललों. आतां जें बोलावयाचें तें जड आहे, पण बोललेंच पाहिजे. काश्मीरच्या गोष्टीनें आपल्या मंडळ्यांचें जेवढें नुकसान केलें नसेल, तेवढें प्रभूचेंच नांव घेऊन बोलणारे कित्येक जण करीत आहेत. मोबाइलवर एक उपदेशक म्हणतो, पडद्यावर हात ठेव, आजार जाईल. अमुक रक्कम पाठीव, दसपट मिळेल. औषध बंद कर, नाहींतर तुझा विश्वास कच्चा. विधवा बाई बचतगटांतून कर्ज काढून पैसे पाठविते. मधुमेहाचा रोगी गोळ्या सोडतो. मिरजेस १८९४ सालीं ज्या मिशनानें डॉक्टर वॉन्लेस यांच्या हातून इस्पितळ उघडलें, त्याच मिशनाच्या आपण मंडळ्या. आपल्या वडिलांनीं प्रार्थना व औषध हीं एकाच देवाच्या हातचीं मानलीं. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय सांगतो, आणि आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथें आजारी सोडून आलों असें कळवितो. पौलाचा विश्वास कच्चा होता काय? काश्मीरवाला येशूचें मरण काढून घेतो. हा दुसरा येशूचा वधस्तंभ उचलण्याचा बोलावा काढून घेतो. पारख करावयाची तर दोघांचीही करा. आपल्यापैकीं आहे म्हणून खोट्याला सूट देऊं नका.

आणि आपण स्वतः? नोहाचें तारूं सांपडलें, शास्त्रज्ञांनीं नरकांतला आक्रोश ऐकला, अशा बातम्या आपणच एकमेकांना पाठवितों. विश्वास वाढावा असा हेतु असतो. पण ईयोब आपल्या मित्रांना विचारतो कीं, देवाची बाजू घेण्यासाठीं तुम्ही असत्य बोलणार काय? सत्याच्या देवाला आपल्या लबाडीची गरज नाहीं. ज्या दिवशीं मुलाला कळतें कीं तारवाची बातमी खोटी, त्या दिवशीं तो रिकाम्या कबरेकडेही संशयानें पाहूं लागतो. हें पाप कोणाच्या पदरीं?

तेव्हां उपदेशकांना व वडील मंडळींना माझी हात जोडून विनंति आहे.

पहिलें, मूल प्रश्न घेऊन आलें तर त्याला बसवा, पाणी द्या, आणि प्रश्न पुरा ऐका. शंका विचारणारा मुलगा हरवलेला नसतो; विचारावयाचें सोडलेला मुलगा हरवत असतो. थोमाला प्रभूनें हांकलून दिलें नाहीं, जखमा दाखविल्या.

दुसरें, उत्तर ठाऊक नसेल तर मोकळ्या मनानें म्हणा, "मला माहीत नाहीं, आपण दोघे मिळून शोधूं." मग खरोखरच शोधा. डग्लस हेमिसपर्यंत गेले. आपणांस कोल्हापूर किंवा कोडोलीच्या पाळकांपर्यंत तरी जातां येईल.

तिसरें, कोणतेंही शिक्षण समोर आलें कीं तीन प्रश्न विचारा: हें कोणी, केव्हां लिहिलें? पाहणारे साक्षी कोण? आणि यांत ख्रिस्ताचें मरण व पुनरुत्थान उरतें कीं जातें?

चवथें, वाद करणें झालेंच तर सभ्यतेनें करा. सन १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे उघडे वादविवाद झाले. जॉर्ज बोवेन यांनीं ते लिहून छापले. त्यांत विष्णुबुवांचे आक्षेपही त्यांनीं लोकांपुढें मांडले. आपल्या विरोधकाचें म्हणणें न लपवितां छापण्याचें धैर्य ज्याला असतें, त्याचा आपल्या सत्यावर खरा विश्वास असतो.

पांचवें, खोटें खोडून थांबूं नका, खरें गोड करून सांगा. गोमांतकांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं 'ख्रिस्तपुराण' ओंवीबद्ध करून लोकांच्या हातीं दिलें. नारायण वामन टिळकांनीं कीर्तन, अभंग, भजन हीं ख्रिस्ताच्या चरणीं वाहिलीं; त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें व १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. आपलें कोल्हापूर तर चित्रपटांचें माहेर. बाबूराव पेंटरांनीं येथेंच कॅमेरा हातीं घेतला, आणि प्रभात कंपनी १९२९ सालीं येथेंच जन्मली. मग आपल्या तरुणांनीं त्याच मोबाइलवर, आपल्या कोल्हापुरी बोलींत, खऱ्या ख्रिस्ताची कथा कां सांगूं नये?

अखेरची गोष्ट ही. वाइल्डर साहेब १८५२ सालीं कोल्हापुरास आले. मागाहून पन्हाळ्यावर व कोडोलीस मिशनचें काम सुरू झालें. आपल्या वडिलांनीं ख्रिस्ताला धरलें तें मोठा वाद जिंकून नव्हे. त्यांना टॅसिटस ठाऊक नव्हता, निकैया ठाऊक नव्हतें. त्यांनीं एवढेंच पाहिलें कीं, या नांवानें दारू सुटते, मारणारा हात थांबतो, वाळीत टाकलेल्याला पंक्तींत जागा मिळते. खोट्या ख्रिस्ताला आजवर असें एकही घर उभें करतां आलेलें नाहीं. पुरावा सांगण्यास आपण शिकावें; परंतु शेजारी शेवटीं आपलें घरच वाचतो. तेथें भांडण, लांच व व्यसन दिसलें, तर आपल्या तोंडचा सर्व पुरावा त्याच्या कानांत विरून जातो. आणि तेथें क्षमा दिसली, तर व्हिडिओ दाखविणारा मुलगा एक दिवस तो बंद करून म्हणेल, "मास्तर, कबर काश्मीरांत असती, तर हें कोठून आलें असतें?"

आज संध्याकाळीं फडताळांतलें शास्त्र खालीं काढा. रुमाल सोडा. ज्या मुलानें प्रश्न विचारला होता, त्यालाच हांक मारून जवळ बसवा आणि योहानाचा एकोणिसावा व विसावा अध्याय त्याच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्या. मग कंदील किंवा विजेचा दिवा मालविण्यापूर्वीं दोघे मिळून प्रार्थना करा.

सत्य जो स्वतः आहे, तो प्रभु आपल्या मुलांना राखो. आमेन.